उलटा के

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी हेलेनबर्गच्या चर्चच्या तळघरात क्लबची बैठक भरली आणि तिथे लिओना थीलननं वर्जिल बोर्गमनला नको म्हटलं.

दुसऱ्या कुणी नको म्हटलं असतं तर तासभर वाद झाला असता. लिओनाच्या शब्दावर वाद होत नसे. एकोणीस वर्षं ती गावाच्या बेसबॉल संघाची वही लिहीत होती. आठवडाभर ती डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातला स्निग्धांश मोजायची आणि रविवारी दुपारी दोन वाजता मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून चेंडू मोजायची. दोन्हीकडे पेन्सिल तीच, आणि खोडरबर दोन्हीकडे नाही.

"चव्वेचाळीस वर्षांचा आहे," ती म्हणाली. "खांदा दोनदा कापलाय. बारा वर्षांपूर्वी त्याचा चेंडू ताशी अठ्ठ्याऐंशी मैलांनी यायचा. गेल्या वर्षी मी मोजला तेव्हा चौऱ्याहत्तर. हे बघा आकडे."

वर्जिल वीस वर्षं शेजारच्या एका छोट्या गावाकडून पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकणारा म्हणून, खेळला होता. त्या गावाला या वर्षी नऊ माणसं जमेनात, म्हणून संघच बंद झाला. वर्जिलचं शेत हेलेनबर्ग आणि डव लेकच्या अगदी मधोमध. नियमाप्रमाणे त्याला दोन्हीकडून खेळता आलं असतं. त्यानं आधी फोन केला तो हेलेनबर्गला.

"पण आपल्याला डावखुरा पाहिजे ना गं?" क्लबचा अध्यक्ष राइनहोल्ड म्हणाला.

"डावखुरा पाहिजे. म्हातारा डावखुरा नको."

राइनहोल्ड चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. "म्हातारा हा शब्द जरा जपून वापर हं, लिओना," तो गुडघा चोळत म्हणाला. सगळे हसले आणि विषय संपला.

पुढच्या आठवड्यात डव लेकनं वर्जिलला घेतलं.

डव लेक तिथून नऊ मैलांवर. दोन्ही गावांत नातीगोती इतकी गुंतलेली की लग्नात कोण कुणाकडचं हे ओळखायला टोप्यांचे रंग बघावे लागत, आणि वैर इतकं जुनं की लोक लग्नातही टोप्या घालून येत. वर्जिलची बातमी कळली त्या रात्री कुणीतरी जाऊन डव लेकच्या मैदानाच्या कुंपणाला एक चालायची काठी बांधून आलं. हेलेनबर्गमध्ये आठवडाभर त्याच गोष्टीवर हशा पिकत होता. डव लेकचं डोकं फिरलंय, हे लिओनालाही अगदी मनापासून पटलेलं होतं. प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी अल्मा डव लेकची. तिला लिओना म्हणाली, "जुलै येऊ दे. जुलैत त्याचा खांदा बोलायला लागेल."

जुलै आला. वर्जिलचा खांदा काही बोलला नाही. बोलत होती ती अल्मा.

दहा सामने, नऊ विजय. त्यातले दोन हेलेनबर्गविरुद्ध. चव्वेचाळीस वर्षांचा तो ढेरपोट्या माणूस मैदानाच्या मधल्या मातीच्या टेकडीवर उभा राहून असे चेंडू टाकी की जणू कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला टोमॅटो देतोय, आणि हेलेनबर्गची धडधाकट पोरं बॅट फिरवून फिरवून स्वतःभोवती गिरक्या घेत.

"काय गं लिओना," अल्मा रोज सकाळी नमुन्याच्या बाटल्या मांडता मांडता विचारी, "तुमच्या आकड्यांना चष्मा लागला का?"

गावातलेही काही कमी नव्हते. मार्विन हा संघाचा दुसऱ्या बेसवरचा, म्हणजे धावेच्या चार थांब्यांपैकी दुसऱ्यावरचा, खेळाडू, तिशीतला. त्यानं टॅब्लेटवर धावफलक लिहायचं एक साधन आणलं होतं. बोट लावलं की सगळे आकडे आपोआप. पूर्वी त्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. आता माणसं त्याच्या खांद्यावरून डोकावू लागली. "मोसम संपला की बघू," असं राइनहोल्ड म्हणाला, आणि हे म्हणताना त्यानं लिओनाकडे पाहायचं टाळलं.

लिओनाला ते सहन झालं नाही. सामना संपल्यावर मैदानामागच्या शेगडीवर सॉसेज भाजायची रीत होती. तिथे सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मोसम संपेपर्यंत कशाला थांबायचं? आपण फायनलला पोचलो आणि वर्जिलनं आपल्याला हरवलं, तर वही मार्विनला द्या. मी मागच्या रांगेत खुर्ची टाकीन."

"मावशी, असं काय बोलतेस?" संघाचा मॅनेजर अँब्रोस म्हणाला. तो तिच्या बहिणीचा मुलगा. बाकीचे सॉसेज उलटवत राहिले.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी फायनल ठरली. मैदान डव लेकचं, पिचर वर्जिल.

गुरुवारी सकाळी अल्मा प्रयोगशाळेत शीळ घालतच आली.

"आमच्या वर्जिलचे उपकार माना हं तुम्ही," ती म्हणाली. "या वर्षी त्यानं शहाण्णव जण तीन-तीन स्ट्राइकवर घरी पाठवले. पण एकाचीही लाज नाही घेतली. तुमचा तो फुलाफुलांचा एप्रन पेटीत पडून वाया गेला असेल ना?"

या एप्रनची गोष्ट अशी. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद. फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवून चुकला तर वहीत साधा इंग्रजी 'के' लिहितात. चेंडू चौकटीतून, म्हणजे गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या जागेतून गेला आणि हा बॅट खांद्यावर ठेवून नुसता बघत राहिला, तर तोच 'के' आरशात दिसतो तसा उलटा. चुकण्यात कमीपणा नव्हता. बघत राहण्यात होता. त्या लीगमध्ये उलट्या केची शिक्षा प्रत्येक गावाची वेगळी. हेलेनबर्गमध्ये त्या गड्याला लिओनाच्या आईनं शिवलेला, जांभळ्या फुलांचा, झालरीचा एप्रन घालून शेगडीपाशी उभं राहावं लागे आणि गाव एकेक करून सॉसेज घ्यायला येई. "बघत राहिलास का रे?" हे प्रत्येकानं विचारायचंच. धर्मगुरूंनीसुद्धा.

"एकही नाही?" लिओनानं विचारलं.

"एकही उलटा के नाही. शहाण्णवात एक नाही. आमच्या मंडळात तर त्याला सभ्य गृहस्थ म्हणतात."

लिओनाच्या हातातली बाटली तिथेच राहिली. पन्नास गायींच्या दुधाचे आकडे थोडेफार वरखाली असतात. सगळे नेमके सारखे आले तर दूध चांगलं आहे असं कुणी म्हणत नाही. मोजणाऱ्यानं आधी यंत्र तपासायचं असतं. शहाण्णवातला शून्य हा तसलाच आकडा होता.

जेवणाच्या सुट्टीत ती गाडीत जाऊन बसली आणि वही उघडली. हेलेनबर्गविरुद्धच्या दोन सामन्यांत वर्जिलनं तेवीस जण असे बाद केले होते. तेवीस के, सगळे सुलटे. आता, बाहेरच्या कुणाला न कळणारी एक खूण ती वहीत करत असे. चेंडू गुडघ्याखाली पकडला गेला तर चौकोनात खाली एक आडवी रेघ. ती पूर्वीच्या एका कॅचरसाठी, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्यासाठी, सुरू केली होती. तो कॅचर केव्हाच निघून गेला, पण हाताची सवय राहिली. तिनं शेवटच्या चेंडूखालच्या रेघा मोजल्या.

तेवीसपैकी एकवीस.

मग तिनं मागच्या वह्या काढल्या. त्या गाडीच्या डिकीत असत. दहा वर्षांपूर्वीच्या वर्जिलच्या खात्यात उलटे के भरपूर होते. तेव्हा त्याचा चेंडू इतका वेगात यायचा की माणसं बघतच राहायची. आता तो वेग गेला होता. तिचं मोजमाप बरोबर होतं. चूक होती ती त्यापुढच्या वाक्यात: वेग गेला, म्हणजे माणूस संपला. वर्जिलनं वेगाचा नाद सोडला होता आणि त्या जागी दुसरंच काहीतरी हाताशी धरलं होतं. दोन स्ट्राइक झाल्या की समोरचा गडी काहीही आलं तरी बॅट फिरवणार, चेंडू जमिनीवर आपटला तरी फिरवणार, कारण बघत राहायची त्याची छाती नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याला तिसरी स्ट्राइक टाकावीच लागत नव्हती. ती त्याच्यासाठी एप्रन टाकत होता.

लिओना गाडीत एकटीच मोठ्यानं हसली. सँडविच तसंच राहिलं.

शनिवारी सरावानंतर तिनं पोरांना बाकावर बसवलं.

"दोन स्ट्राइक झाल्या की बॅट फिरवायची नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही. काहीही आलं तरी."

एकच गलका झाला.

"म्हणजे उभं राहायचं? खांबासारखं?"

"माझा बाप पहिल्या रांगेत बसतो, लिओना!"

"डव लेकच्या मैदानात? त्यापेक्षा मला शेतात पुरा."

कर्टिस हा कॅचर, संघातला सगळ्यात जुना गडी, सदतीस वर्षांचा. त्यानं हात वर केला. "त्यानं चौकटीत टाकला तर?"

"तर तू बाद. वहीत उलटा के. पण त्यानं मे महिन्यापासून तिसरा चेंडू चौकटीत टाकलेला नाही. नाही टाकला तर चार चेंडू बाहेर, आणि तू फुकटात पहिल्या बेसवर. टाकायला लागला, तर तो चौऱ्याहत्तर मैलांचा चेंडू आहे. त्याला प्रत्येक माणसामागे दोन-तीन चेंडू जास्त टाकावे लागतील. तो खांदा मी मोजलाय."

राइनहोल्ड कुंपणाला टेकून उभा होता. "मार्चमध्येही तू मोजला होतास," तो म्हणाला.

सगळे लिओनाकडे बघू लागले. तिनं वही मिटली.

"मार्चमध्ये मी चुकले," ती म्हणाली. "आकडे बरोबर होते. मी त्यांतून जे काढलं ते चूक होतं. तो आपल्याकडे येत होता आणि मी त्याला घालवला. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते."

एकोणीस वर्षांत असं वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. राइनहोल्डनं टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

"मग आता तरी बरोबर आहेस कशावरून?"

"खात्री नाही. उद्या कळेल."

पोरं अजून कुजबुजत होती. मार्विन म्हणाला, "तुझं खरं असेल गं. पण तो एप्रन घालून डव लेकहून नऊ मैल ट्रकच्या मागे उभं राहून यायचं म्हणजे..."

लिओना उठली. सामानाच्या पेटीतून तिनं तो एप्रन काढला, झटकला आणि शर्टावरून गळ्यात घातला. मागे गाठ मारायला तिला जरा वेळ लागला.

"उद्या दिवसभर हा माझ्या अंगावर असेल," ती म्हणाली. "एप्रन एकच आहे. माझ्या अंगावरचा काढून दुसऱ्याला कोण घालतंय बघू."

अँब्रोसनं तोंडावर हात ठेवला. मग कर्टिस हसला आणि हळूहळू सगळा बाक हसायला लागला.

"ठीक आहे, मावशी," अँब्रोस म्हणाला. "खांब तर खांब."

रविवारी डव लेकच्या मैदानाभोवती मक्याच्या शेतापर्यंत खुर्च्या लागल्या होत्या. आंबट कोबीचा आणि भाजक्या सॉसेजचा वास सुटला होता. लिओना जांभळ्या फुलांचा एप्रन घालून वही काखेत धरून कुंपणातून आत आली आणि पहिल्या रांगेतून अल्माची किंकाळी ऐकू आली.

"अगं बाई! सामना सुरू व्हायच्या आधीच?"

"आज तू सॉसेज वाढणार का, लिओना?" मागून कुणीतरी ओरडलं. "मला मोहरीची चटणी जास्त घाल!"

"रांगेत उभं राहा," लिओना म्हणाली आणि खुर्ची उघडून बसली.

वर्जिल टेकडीवर आला. टोपी मागे सारली, हेलेनबर्गच्या बाकाकडे पाहिलं, एप्रनकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग खेळ सुरू झाला.

कर्टिस पहिला. दोन चेंडूंत दोन स्ट्राइक. मैदान गुणगुणायला लागलं. तिसरा चेंडू आला, आळसावत, फलंदाजापाशी येऊन गुडघ्याखाली बुडाला. कर्टिसची बॅट खांद्यावरून हलली नाही.

"बॉल," पंच म्हणाला, म्हणजे चौकटीबाहेर.

पुढचाही तसाच. बॉल. पुढचाही. कर्टिसच्या कपाळावरून घाम गळत होता, जणू कुणी त्याला दात काढायला बसवलंय. सहावा चेंडू जमिनीवर आपटला आणि कर्टिस पहिल्या बेसकडे चालत निघाला. चालता चालता तो मागे वळून लिओनाकडे बघून असा हसला की त्याचा बाप खुर्चीतून अर्धा उठला.

वर्जिलनं चेंडू हातात फिरवला. तो वेडा नव्हता. तिसऱ्या गड्याला दोन स्ट्राइकनंतर त्यानं चेंडू सरळ चौकटीच्या मध्यातून टाकला. गडी बघत राहिला.

"स्ट्राइक तीन!"

मैदानात एकच जल्लोष झाला. लिओनानं चौकोनात के लिहिला. उलटा, नीट, दोन्ही पाय सारख्या लांबीचे. खाली रेघ नाही. तिच्या बोटांना घाम आला होता, पण अक्षर हललं नाही.

दुसऱ्या डावात आणखी एक. तिसऱ्या डावात डव लेकनं दोन धावा काढल्या. चौथ्यात हेलेनबर्गचा आणखी एक गडी खांबासारखा उभा राहून बाद झाला आणि कुंपणापलीकडून "बघत राहिलास का रे?" असा कोरस उठला. हेलेनबर्गची वाक्यं आता डव लेकच्या तोंडी होती.

पाचव्या डावात सगळ्यात वाईट झालं. तिन्ही बेस भरलेले, तिघंही फुकटात पोचलेले. दोन गडी बाद. फलंदाज मार्विन. दोन स्ट्राइक. वर्जिलनं दम घेतला आणि टाकला, थेट मधून. मार्विन उभा. उलटा के. चौथा. डाव संपला.

मार्विननं बॅट बाकाखाली फेकली. राइनहोल्ड आपली खुर्ची सोडून लिओनापाशी आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"पुरे झालं, लिओना. पोरांना मारू दे."

"राइनहोल्ड, मागच्या सामन्यात पाच डावांत त्यानं अठ्ठावन्न चेंडू टाकले होते." तिनं वही त्याच्याकडे वळवली. "आज सत्त्याण्णव."

राइनहोल्ड आकडा बघत राहिला.

"आणि हे बघ," ती म्हणाली. "हे शेवटचे सहा जण. रेघा बघ. एकही नाही. तो आता खाली टाकत नाहीये. टाकायची हिंमत नाही, कारण आपण फिरवत नाही. दोन स्ट्राइक झाल्या की पुढचा चेंडू चौकटीतूनच येतोय." तिनं मान वर करून हाक मारली, "अँब्रोस!"

अँब्रोस वाकला.

"आता मारा," ती म्हणाली. "कंबरेएवढा येईल. सरळ. घाई करू नका, तो उशिरा पोचतो. उजवीकडे ढकला."

"आता फिरवायचं?"

"आता फिरवायचं. हा दुसरा माणूस आहे. पहिल्या डावातला गेला."

सहाव्या डावात दोन चेंडू जोरात लागले, पण दोन्ही थेट क्षेत्ररक्षकांच्या हातात गेले. डव लेकच्या लोकांना ते नशीब वाटलं. लिओनानं दोन्ही चौकोनांशेजारी बारीक टिंब काढलं. जोरात लागला, एवढाच त्याचा अर्थ.

सातव्या डावात वर्जिल टेकडीवर येताना खांदा फिरवत आला.

पहिला गडी चार चेंडूंवर फुकट बेसवर. दुसराही. तिसऱ्यानं चेंडू उजवीकडे ढकलला, तो पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला आणि एक धाव आली. मग मार्विन आला. दोन स्ट्राइक. डव लेक ताल धरून ओरडायला लागलं: "बघ! बघ! बघ!" वर्जिलनं टाकला. कंबरेएवढा, सरळ, मध्यातून.

मार्विननं बघितलं नाही. त्यानं हाणला. आवाज असा आला की मक्यातले पक्षी उडाले. चेंडू मधल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून कुंपणाला जाऊन धडकला, दोघं धाव पुरी करून घरच्या बेसवर आले, मार्विन तिसऱ्या बेसवर पोटावर घसरत पोचला आणि तिथेच पडल्या पडल्या मुठी आपटायला लागला. पाठोपाठ कर्टिसनं आणखी एक उजवीकडे ढकलला. चार दोन.

डव लेकचा मॅनेजर टेकडीवर गेला. वर्जिलनं त्याच्या हातात चेंडू दिला आणि खाली उतरला. आधी डव लेकचे लोक उभे राहिले. मग लिओना उभी राहिली, मग तिच्यामागे सगळं हेलेनबर्ग. त्या माणसासाठी दोन्ही गावं एकदम टाळ्या वाजवत होती, आणि असं पूर्वी झाल्याचं त्या लीगमध्ये कुणाला आठवत नव्हतं. लिओनानं वहीत लिहिलं: एकशे एकोणतीस. चव्वेचाळीस वर्षांच्या खांद्यातून एकशे एकोणतीस चेंडू. तिनं तो आकडा दोनदा तपासला, चुकीची शंका आली म्हणून नाही, आदर वाटला म्हणून.

नवव्या डावात डव लेकचे दोघं बेसवर होते, दोन बाद. शेवटचा फटका उंच उडाला, इतका उंच की अल्मानं डोळे झाकून घेतले. मार्विन मागे मागे गेला, थांबला आणि तो चेंडू त्याच्या हातमोज्यात येऊन पडला.

पुढची दहा मिनिटं लिओनाला नीट आठवली नाहीत. कुणीतरी तिला खुर्चीसकट उचललं. टोपी उडाली. कर्टिसच्या बापानं तिला दोन्ही गालांवर पापे दिले आणि रडायला लागला. मार्विन टॅब्लेट घेऊन आला, मातीनं माखलेला.

"यात बघ," तो म्हणाला. "चार उलटे के, सात फुकटे बेस, सगळं आहे. पण त्या तुझ्या रेघा यात काढता येत नाहीत. मी पाच डाव शोधत होतो."

"अरे, मग वही काय मला नाचवायला ठेवली आहे?" राइनहोल्ड ओरडला. "लिओना, पुढच्या वर्षीची मागवून टाक. आणि मागच्या रांगेबद्दल परत बोललीस तर मी क्लब सोडीन."

गर्दी जरा पांगल्यावर वर्जिल आला. खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. जवळून तो आणखी मोठा आणि आणखी थकलेला दिसत होता.

"तुम्ही लिओना ना? मार्चमध्ये नको म्हणालात त्या."

"हो," ती म्हणाली. "चुकले मी. हे मी माझ्या लोकांना सांगितलंय. तुम्हालाही सांगायला हवं होतं."

"माझ्या खांद्याला विचारा. तो म्हणेल तुमचंच बरोबर." तो वहीत डोकावला. "उलटे के किती झाले माझे?"

"चार."

"चार!" त्याचा चेहरा उजळला. "या वर्षातले पहिलेच. अहो, मे महिन्यापासून मला कुणी तिसरी स्ट्राइक टाकूच देत नव्हतं. मातीत टाकला तरी फिरवतात. कामच उरलं नव्हतं हो मला. आज पाच डाव मी खरा पिचर होतो." त्यानं तिच्या एप्रनकडे पाहिलं. "कुणी शिवला?"

"आईनं."

"झालर छान आहे," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला.

गावाच्या वेशीवर हेलेनबर्गचा अग्निशामक बंब उभा होता. पोरं बंबावर चढली, शिडीला लटकली, आणि लिओनाला वर ओढून पाण्याच्या टाकीवर बसवण्यात आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. चर्चची घंटा वाजत होती, आणि ती धर्मगुरू स्वतः वाजवत होते, हे तिच्या बेतालपणावरून कळत होतं.

चौकात राइनहोल्डनं बंब थांबवायला लावला. तो टपावर उभा राहिला, आणि त्याच्या वयाला ते शोभत नव्हतं.

"एक काम राहिलंय!" तो ओरडला. "जो संघ राज्य स्पर्धेला जातो, त्याला हरलेल्या संघांतून एक पिचर उसना घेता येतो. नाव उद्या दुपारपर्यंत द्यायचंय. समितीनं बसून ठरवायचं असतं, पण समिती इथेच बंबावर आहे." तो वळला. "लिओना, कोण?"

घंटाही नेमकी तेव्हाच थांबली. लिओना टाकीवर उभी राहिली. कर्टिसनं तिचा घोटा धरला.

"वर्जिल बोर्गमन," ती म्हणाली.

"वय चव्वेचाळीस!" कुणीतरी गर्दीतून ओरडलं.

"खांदा दोनदा कापलाय!" दुसरा.

"ताशी चौऱ्याहत्तर मैल!" मार्विन म्हणाला.

"माहीत आहे," लिओना म्हणाली. "मीच मोजलेत. राज्य स्पर्धेत सगळे पोरगेसे आहेत, सगळ्यांची छाती पुढे. एकालाही बघत राहायचं नाहीये. फोन लाव."

राइनहोल्डनं तिथेच फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि सगळा चौक ती ऐकत राहिला. मग त्यानं फोन कानाला घट्ट धरला, दोनदा मान हलवली आणि हसायला लागला.

"तो हो म्हणतोय," त्यानं सांगितलं. "पण आधी एक विचारतोय. तुमच्या कॅचरला मातीतले चेंडू अडवता येतात का?"

"येतात म्हणावं!" कर्टिस शिडीवरून गर्जला. अँब्रोसनं भोंग्याची दोरी खेचली आणि बंब निघाला.